५१५० किलोमीटर खाली घन आहे, हे कशावरून?

ताई, तुम्ही ठाण्यात आठवीला भूगोल शिकवता. ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा चालू असताना एका मुलाने उभं राहून विचारलं, “बाई, माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक १२ किलोमीटरचं. मग २९०० किलोमीटरवर द्रव आणि ५१५० वर परत घन, हे कोणी बघितलं?” तुम्ही सांगितलंत, भूकंपलहरींवरून कळतं. त्यावर त्याने लगेच विचारलं, “पण कसं?” तिथे पुस्तक संपलं आणि तुम्ही मला लिहिलंत. तुमच्या पत्रातली पुढची शंका लाल-निळ्या रंगाच्या त्या चित्रांबद्दल आहे: पृथ्वीच्या पोटाचा तो फोटो म्हणायचा की कल्पनाचित्र?

मी तीस वर्षं भूकंपालेख वाचत आलो आहे, आणि त्या मुलाचं ‘पण कसं’ मला फार आवडलं. म्हणून उत्तर थोडक्यात न देता नीटच देतो.

आधी भोकाचं. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं ते भोक १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर थांबलं, कारण खाली तापमान १८० अंशांवर गेलं आणि खडक यंत्राला दाद देईना. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. शाळेच्या मैदानात एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलंत, तर हे भोक त्यावर दोन मिलिमीटरही भरणार नाही. मुलाचं म्हणणं बरोबरच आहे, आत कोणीही गेलेलं नाही. आपल्या हातात आहे ते फक्त घड्याळ.

११ मार्च २०११ चा दिवस घ्या. जपानच्या तोहोकू किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे ११ वाजून १६ मिनिटं झाली होती. ठाणे स्टेशनवर नेहमीची गर्दी, कोणाला काही जाणवलं नाही. पण इथल्या खडकावर चांगलं यंत्र ठेवलं असतं, तर साधारण साडेदहा मिनिटांनी कागदावरची रेघ थरथरली असती आणि एकोणिसाव्या मिनिटाच्या आसपास पुन्हा एकदा, जास्त जोरात. पहिली थरथर पी लहरीची, दुसरी एस लहरीची. जपानहून निघालेली ती पी लहर जमिनीच्या कडेकडेने आलेली नाही. ती खाली उतरली, सुमारे १६५० किलोमीटर खोलीवरून वळली आणि ठाण्याखालून वर आली. कोला इथल्या भोकाच्या शंभरपटीहून जास्त खोल जाऊन आलेला हा निरोप्या आहे. वाटेत काय होतं हे तो तोंडाने सांगत नाही. त्याला यायला किती सेकंद लागले, तेवढंच आपल्याला कळतं.

ही पद्धत समजायला अंतर आणि खोली यांचं नातं डोक्यात पक्कं बसायला हवं. कोयनेचा धक्का ठाण्यात जाणवतो, पण त्याच्या लहरी कवचातून आणि त्याच्या तळाशी घासूनच येतात. आतली बातमी त्यांच्याकडे नसते. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप इथून साडेपाचशे किलोमीटरवर झाला. त्याची पहिली लहर सव्वा मिनिटात आली, तीही प्रावरणाच्या, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थराच्या, माथ्यावरून. भूकंप जितका लांबचा, तितकी लहर खोल जाते. म्हणून पृथ्वीच्या गाभ्याचा अभ्यास करणाऱ्याला जवळच्या भूकंपाचा उपयोग नाही. त्याला फिजी, चिली, मेक्सिको इथले भूकंप हवे असतात. १८८९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमला एका उपकरणावर अचानक रेघ हलली. ती जपानमधल्या भूकंपाची होती हे एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्वित्स यांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून दूरचा भूकंप हे आमचं साधन झालं.

पी आणि एस यांतला फरक मुलांना कसा दाखवायचा, हे तुम्ही विचारलं आहे. मी दही आणि ताक घेतो. पी लहर म्हणजे ढकल: कण पुढेमागे दाबले जातात. दाबलं की घन पदार्थ मागे रेटा देतो, द्रवही देतो, हवाही देते. एस लहर म्हणजे आडवा हिसका. कवडीदार दह्याचं भांडं आडवं हिसडा, दही थरथरतं आणि पुन्हा जागेवर येतं, कारण त्याला स्वतःचा आकार टिकवायचा असतो. तेच दही घुसळून ताक करा आणि हिसका द्या. ताक डचमळेल, पण आतल्या आत परत ओढणारं बळ त्यात नाही. आडवा हिसका पुढे पोचवायला तेच बळ लागतं. म्हणून एस लहर द्रवातून जात नाही. हा एक नियम हातात असला की निम्मं काम होतं.

इथे पुस्तकातल्या चित्राबद्दल एक तक्रार नोंदवतो, कारण ती मनापासून आहे. बहुतेक चित्रांत प्रावरण लालभडक रंगवलेलं असतं, आणि मुलं समजतात की कवचाखाली सगळीकडे लाव्हा उकळतोय. तसं असतं तर जपानहून एस लहर ठाण्याला आलीच नसती. ती दर वेळी येते. म्हणजे कवचापासून २९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण घन खडकाचं आहे. तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशोबात ते सावकाश वाहतंही, वरच्या भागात काही ठिकाणी थोडा अंश वितळलेला असतो. पण लहरीच्या दृष्टीने तो खडकच. पारसिकचा डोंगर, येऊरच्या टेकड्या ज्या बेसॉल्टच्या आहेत, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर आला तोही प्रावरणातल्या खडकाचा थोडासा भाग वितळून.

आता गाभा. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १२ जून १८९७ ला आसामात शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला, त्याचा अभ्यास त्यांनी केला. दूर युरोपात नोंदलेल्या रेघांमध्ये पी, एस आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडच्या भूकंपातून हे निघालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच म्हटलं की फार लांबच्या ठिकाणी लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा येतात, अर्थात पृथ्वीच्या मध्याशी लहरींना हळू करणारं काहीतरी आहे. १९१४ च्या सुमारास बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली काढली, २९०० किलोमीटर. आजचा आकडा २८९० आहे. त्या काळची उपकरणं आठवली की हा अचूकपणा थक्क करतो.

हा आकडा तुमची मुलं स्वतः काढू शकतील, म्हणून थोडा थांबतो. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनात मोजायचं. भूकंपापासून जसजसं लांब जावं तसतशी पी लहर नेमाने उशिरा येत जाते आणि मग १०४ अंशांच्या आसपास ती जवळजवळ नाहीशी होते. पुस्तकात याला छायाप्रदेश म्हणतात. खरं तर गाभ्याला घासून जाणारी शेवटची लहर ९८ अंशांच्या आसपास वर येते. पुढचे काही अंश जी क्षीण लहर मिळते, ती गाभ्याच्या पृष्ठभागावरून सरपटत आलेली असते. वहीवर ६३.७ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला सांगा. मध्याशी ९८ अंशांचा कोन करून परिघावरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडायला सांगा. त्या रेषेचा सर्वांत खोल बिंदू पृष्ठभागापासून सुमारे २२ मिलिमीटरवर येईल, म्हणजे २२०० किलोमीटर. खरं उत्तर २८९०. ही तफावत चुकीमुळे आलेली नाही. खोल जावं तसा खडक दाबाने कडक होतो, लहर वेगाने पळते आणि तिची वाट खालच्या बाजूला बाक घेते. कवचात सेकंदाला ६ किलोमीटरने निघालेली पी लहर प्रावरणाच्या माथ्यावर ८ आणि त्याच्या तळाशी जवळजवळ १३.७ किलोमीटरने धावत असते. बाक किती हे एकदा काढलं की २२०० चे २८९० होतात. त्या वेळी संगणक नव्हता. हे सगळं हाताने केलेलं आहे.

गाभ्यात शिरताच हीच लहर १३.७ वरून ८ वर येते. पाण्यात घातलेली काठी वाकडी दिसते तशी लहर आत मोडते, आणि म्हणूनच मध्ये सावली पडते. एस लहर तर आत शिरतच नाही. १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी भरती-ओहोटीच्या ताणाला पृथ्वी किती वाकते याचा हिशोब मांडून गाभा द्रव असल्याचं दाखवलं. तो लोखंडाचा आहे हे लहर सरळ सांगत नाही, ते वजनावरून येतं. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट. वरचे खडक मात्र पावणेतीन ते सव्वातीनपटच. मग आत काहीतरी खूप जड हवं. एवढी घनता, लहरींचे हे वेग आणि पुरेसं मुबलक असणं या तिन्ही कसोट्यांना लोखंडच उतरतं, सोबत थोडं निकेल आणि काही हलकी मूलद्रव्यं.

तुमच्या विद्यार्थ्याचा खरा रोख मात्र ५१५० वर आहे, आणि इथली गोष्ट मला सगळ्यात जवळची.

छायाप्रदेशात काहीच यायला नको. पण यायचं. अगदी बारीक, पण यायचं. बरेच जण ती लहर कडेवरून भरकटलेली समजून सोडून देत. डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी सोडलं नाही. १९२९ मध्ये न्यूझीलंडला मोठा भूकंप झाला होता. त्याच्या रशियातल्या स्वेर्दलोव्स्क आणि इर्कुत्स्क इथल्या नोंदींत त्यांना ही नको तिथली लहर स्पष्ट दिसली. नोंदींची पुठ्ठ्याची कार्डं त्या ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवत, असं त्यांच्या भाच्याने सांगून ठेवलं आहे. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गोळा आहे, त्यात लहर पुन्हा वेग घेते, आणि त्याच्यावर आपटून किंवा त्यातून वळून ती सावलीत पोचते. आज त्या गोळ्याची त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर धरतात. ६३७१ मधून १२२० वजा करा, मुलाचा ५१५० मिळेल. लेहमानबाई १०४ वर्षं जगल्या आणि १९९३ मध्ये गेल्या. आमच्या पिढीने काम सुरू केलं तेव्हा त्या हयात होत्या, ही जाणीव मला त्या वेळी फार मोठी वाटायची.

ही सावलीतली लहर पाहायला महाराष्ट्र फार चांगल्या जागी आहे. फिजी आणि टोंगाच्या भागात सहाशे किलोमीटर खोलवर भूकंप होत असतात, आणि तो भाग ठाण्यापासून साधारण ११३ अंशांवर येतो, बरोबर छायाप्रदेशात. १९ ऑगस्ट २०१८ ला तिथे ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा भूकंपाची आपल्या भागातली नोंद उघडली की आधी गाभ्याच्या कडेने सरपटत आलेली आळशी, पसरट लहर दिसते. मग काही काळ शांतता. आणि साधारण साडेसतरा मिनिटांनी एक छोटा, टोकदार झटका. भूकंप खोल असल्याने वरच्या मऊ थरांतून त्याला एकदाच जावं लागतं, म्हणून झटका स्वच्छ असतो. तो अंतर्गाभ्यावर, म्हणजे लेहमानबाईंच्या त्या आतल्या गोळ्यावर, आपटून आलेला असतो. मी पहिल्यांदा तो टिपला तेव्हा रात्र होती. पडद्यावर रेघ ताणून मोठी केली आणि जिथे ती सपाटीवरून पहिल्यांदा उचलली जाते, तिथे खूण केली. आम्ही याला ‘पिक करणं’ म्हणतो. दशांश सेकंदापर्यंत ती खूण बरोबर हवी. खूण करून झाल्यावर बराच वेळ मी ती रेघ नुसती बघत बसलो होतो. ५१५० किलोमीटर खालच्या पृष्ठभागावर आपटून आलेली ती टिचकी माझ्यासमोर होती.

चिलीचं वेगळं. २७ फेब्रुवारी २०१० चा तिथला भूकंप ठाण्यापासून साधारण १४६ अंशांवर होता. सावली जिथे संपते, नेमक्या तिथे गाभ्यातून वाकून आलेल्या लहरी भिंगाने गोळा केल्यासारख्या एकत्र येतात. त्यामुळे इतक्या लांबून आलेली लहर जवळच्यापेक्षाही ठसठशीत असते. साडेएकोणीस मिनिटं पृथ्वीच्या आरपार प्रवास करून.

पण आतला गोळा घन आहे हे लेहमानबाईंनी सिद्ध केलं नव्हतं. तिथे वेग वाढतो, एवढंच त्यांनी दाखवलं. घनाचा पक्का पुरावा १९७१ मध्ये मिळाला, आणि तो वेगळ्याच वाटेने आला. फाल्गुन-चैत्रात बाजारात माठ घेताना बाई काय करते? टिचकी मारून आवाज ऐकते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. माठाच्या आत न बघता त्याची जात तिला कळते. खूप मोठ्या भूकंपाने सबंध पृथ्वीच माठासारखी वाजते. आपल्या कानांना न ऐकू येणारा हा आवाज, कारण सगळ्यात खालच्या सुराला एक फेरा पूर्ण करायला ५४ मिनिटं लागतात. १९६० च्या चिलीच्या भूकंपात हे सूर पहिल्यांदा निर्विवाद नोंदले गेले, आणि २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या भूकंपानंतर तर पृथ्वी कित्येक आठवडे वाजत होती. १९६४ च्या अलास्काच्या भूकंपाचे सूर अॅडम जिवोन्स्की आणि फ्रीमन गिल्बर्ट यांनी मोजले. आतला गोळा द्रव धरला की काही सुरांचे आकडे जुळेनात. घन धरला, म्हणजे त्याला दह्यासारखी आडवी ताकद दिली, की जुळले. तुमच्या विद्यार्थ्याला हे उत्तर द्या. ५१५० वर काहीतरी आहे हे घड्याळाने सांगितलं, ते घन आहे हे सुराने.

आता लाल-निळी चित्रं. ती फोटो नाहीत आणि कल्पनाही नाहीत. तो हिशोब आहे, आणि कसा ते ठाण्याच्या माणसाला लोकलवरून चटकन समजेल. समजा मुसळधार पावसात तुम्ही ठाण्याहून सीएसएमटीला गेलात आणि वीस मिनिटं उशीर झाला. गाडी कुठे अडली? एकट्या तुमच्या उशिरावरून सांगता येणार नाही. चौतीस किलोमीटरमध्ये कुठेही अडली असेल. पण घाटकोपरला चढलेला माणूस वेळेवर पोचला, मुलुंडला चढलेल्याला वीस मिनिटं उशीर झाला, आणि ठाण्याहून भांडुपला उतरलेल्यालाही उशीर झाला नाही, तर भांडुप आणि घाटकोपरच्या मध्ये पाणी भरलं होतं. रुळांकडे न बघता कळलं. हजारो प्रवाशांचे उशीर एकत्र केले तर सगळ्या मार्गाचा नकाशा तयार होईल. आम्ही हेच करतो, फक्त प्रवासी लहरी असतात. १९८१ साली जिवोन्स्की आणि डॉन अँडरसन यांनी पृथ्वीचं वेळापत्रक ठरेल असं सरासरी प्रतिमान दिलं. त्यानुसार लहर किती वाजता यायला हवी ते काढायचं, प्रत्यक्ष किती वाजता आली ते बघायचं, आणि उरलेला फरक वाटेतल्या खडकावर वाटून टाकायचा. या पद्धतीला टोमोग्राफी म्हणतात, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचंच भावंड.

हे फरक किती लहान असतात हे मुलांना जरूर सांगा, नाहीतर रंग फसवतात. सहाशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात खडक एक टक्का मंद असेल, तर लहरीला जेमतेम ०.६ सेकंद उशीर होतो, तोही दहा मिनिटांच्या प्रवासात. चित्रातला गडद लाल म्हणजे बहुतेक वेळा एक-दोन टक्के मंद, गडद निळा म्हणजे तितकाच जलद. लाल म्हणजे गरम असण्याची शक्यता मोठी, पण रासायनिक घडण वेगळी असली तरी लहर मंद होते. सगळा वितळलेला तर नक्कीच नाही.

या एवढ्याशा सेकंदांचं मोल मला एका उंदराने शिकवलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी एका गावात आम्ही तात्पुरतं यंत्र बसवलं होतं: खड्डा, खाली उघडा बेसॉल्ट, त्यावर सिमेंटची सपाट जागा, वर थर्माकोलचं आच्छादन. यंत्राचं घड्याळ जीपीएसवरून रोज जुळायचं. पावसात उंदराने अँटेनाची वायर कुरतडली. यंत्र चालूच राहिलं, पण घड्याळ हळूहळू सरकत गेलं. दोन महिन्यांत दीड सेकंद. आकडे मी तपासून न घेता हिशोबात टाकले, आणि कोकणाखाली शंभर किलोमीटरवर एक सुंदर लाल ठिपका उमटला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या उष्ण स्रोताचा उरलेला माग, अशी माझी खात्री झाली. एका सहकाऱ्याने फक्त घड्याळाची नोंदवही मागितली. ठिपका उंदराचा होता. त्यानंतर मी कोणतंही रंगीत चित्र आधी घड्याळाच्या नोंदीवरून वाचतो.

बेसॉल्टची आणखी एक अडचण आहे. यंत्राचं तोंड नेमकं उत्तरेला हवं, आणि आपला खडक चुंबकीय असल्याने होकायंत्राची सुई भरकटते. एका हातावर एक दिशा, दोन हातांवर दुसरी. सूर्याच्या सावलीवरून किंवा जीपीएसने लांबची दोन टोकं धरून उत्तर काढावी लागते.

आणि आवाज. शिळफाट्याच्या बाजूला पारसिकच्या उतारावर एकदा चाचणीसाठी यंत्र ठेवलं होतं. दिवसभर रेघ जाड. लोकल, ट्रक, खाणीतले सुरुंग. मध्यरात्री एकनंतर शेवटची गाडी गेली की रेघ बारीक व्हायची, आणि चारच्या सुमारास पुन्हा जाड. त्या तीन तासांत आलेला दूरचा भूकंप म्हणजे नशीब. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या यंत्रांवर माणसाचा हा आवाज निम्म्यापर्यंत खाली आला होता. पावसाळ्यात मात्र रात्रही उपयोगाची नाही, कारण अरबी समुद्राच्या लाटा तळाला धडका देतात आणि सगळी जमीन दर पाच-सात सेकंदांनी डोलत असते. गेल्या वीसेक वर्षांत लोकांनी हा समुद्राचा आवाजच कामाला लावला. दोन ठिकाणच्या यंत्रांवरचा तो गोंगाट महिनोन् महिने ताडून पाहिला की त्यांच्यामधून लहर किती वेळात जाते ते निघतं, भूकंप न होताही. कवच आणि त्याच्या जरा खालच्या भागासाठी ही पद्धत उत्तम. गाभ्यापर्यंत पोचायला अजून भूकंपच लागतो.

चित्रावर विश्वास कुठे ठेवायचा? जिथे पुष्कळ वाटा एकमेकींना छेदतात तिथे. भूकंप आपल्या सोयीने होत नाहीत, ते बहुतेक प्लेटांच्या, म्हणजे भूपट्टांच्या, कडांवर होतात. यंत्रं बहुतेक जमिनीवर आहेत आणि महासागराचे प्रचंड भाग रिकामे. म्हणून आम्ही बुद्धिबळाच्या पटाची परीक्षा घेतो. संगणकात पृथ्वी जलद-मंद चौकड्यांची धरायची, त्याच भूकंपांच्या आणि त्याच यंत्रांच्या वाटांनी खोटे उशीर काढायचे, आणि त्यावरून पट परत उभा राहतो का ते बघायचं. जिथे चौकडी स्वच्छ उमटते तिथलं खरं चित्र वाचायचं. जिथे फासली जाते तिथे तोंड बंद ठेवायचं. कोणी तुम्हाला चित्र दाखवलं आणि हा पट दाखवला नाही, तर तो मागा.

या परीक्षेत उतरलेल्या गोष्टी मात्र अद्भुत आहेत. भारताच्या खाली हजार किलोमीटर आणि त्याहून खोल निळे पट्टे दिसतात. तो टेथिस समुद्राचा तळ. हिमालय उभा राहण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामध्ये जो समुद्र होता, त्याचा तळ आशियाखाली बुडत गेला, आणि त्या बुडणाऱ्या थंड लाद्यांवरून भारत उत्तरेला सरकत आला. थंड खडकात लहर जलद, म्हणून निळा. त्याहून खाली, गाभ्याला टेकून, दोन अवाढव्य मंद प्रदेश आहेत: एक आफ्रिकेखाली, एक प्रशांत महासागराखाली, काही ठिकाणी हजार किलोमीटरपर्यंत उंच. ते नुसते गरम की घडणीनेही वेगळे, यावर आमच्यात जोरात वाद चालू आहे. माझा कल वेगळ्या घडणीकडे आहे, कारण त्यांच्या कडा नुसत्या तापमानाने पडाव्यात त्यापेक्षा बऱ्याच धारदार दिसतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाने ठरणारी समुद्राची पातळी सुमारे १०६ मीटर खाली बसली आहे, जगातली सगळ्यात मोठी खळगी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये तिचा संबंध टेथिसच्या बुडालेल्या लाद्या आणि आफ्रिकेकडून वर सरकणाऱ्या गरम, हलक्या खडकाशी जोडला.

अंतर्गाभ्याची बातमीही अजून येतेच आहे. त्यातून उत्तर-दक्षिण जाणारी लहर विषुववृत्ताला समांतर जाणारीपेक्षा सुमारे तीन टक्के जलद असते. लोखंडाचे स्फटिक बहुधा एका दिशेने लागलेले असावेत. २०२३ मध्ये तर पृथ्वीच्या व्यासावरून पाच वेळांपर्यंत आरपार गेलेल्या लहरी काही संशोधकांनी वेगळ्या काढल्या आणि अंतर्गाभ्याच्याही आत सुमारे साडेसहाशे किलोमीटर त्रिज्येचा निराळा गोळा असल्याचा पुरावा मांडला.

ताई, जगातल्या बहुतेक मोठ्या केंद्रांच्या नोंदी आता मोफत उघडता येतात. शाळेच्या संगणकावर २०१८ च्या फिजीच्या त्या भूकंपाच्या दहा नोंदी काढा, ३० अंशांपासून १५० अंशांपर्यंतच्या. एका उभ्या कागदावर अंतरानुसार एकाखाली एक लावा. त्या मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि प्रत्येक रेघ जिथे पहिल्यांदा उचलते तिथे टिंब काढायला सांगा. टिंबं एका वक्र रेषेवर येत जातील, शंभर अंशांच्या पुढे पहिलं टिंब पुसट होईल, आणि तीन-चार मिनिटांच्या उशिराने दुसरी रांग सुरू होईल. ती दुसरी रांग कुठून आली, हे त्यालाच वर्गाला सांगू द्या. कंपासपेटी आणि ६३.७ मिलिमीटरचं वर्तुळ जवळ ठेवा.